‘सुस्थितीत आहे’ हे वाक्य तपासायचं कसं?

हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट या मुळशीच्या पूर्व पट्ट्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या ऑफिसात जाऊन आगीसंबंधीची फाइल मागा. त्यात बहुधा ‘फॉर्म बी’ नावाचा एक कागद असेल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून हे प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यायचं असतं. कागदाचा गाभा इतकाच, की इथली आग विझवण्याची यंत्रणा सुस्थितीत आणि कार्यक्षम आहे. खाली सही, शिक्का, परवाना क्रमांक.

आज या कागदाची आणि त्याच्या भाऊबंदांची समीक्षा करायची आहे. सिनॉप्सिस लिहिताना आपण दुसऱ्यांचे पेपर चिरफाड करून वाचतो. नमुना किती, मोजलं कशाने, निष्कर्ष डेटातून निघतो की नाही, सगळं विचारतो. मग ज्या कागदाच्या भरवशावर माणसं रात्री झोपतात तो त्याच नजरेने का वाचू नये? शिवाय तुमच्यातले बरेच जण फील्डवर्कमध्ये इमारती बघणारच आहेत. शाळा, आरोग्य उपकेंद्र, वसतिगृह, पाण्याची टाकी, काहीतरी. आणि ‘संशोधन पद्धती’च्या प्रकरणात ‘प्रत्यक्ष पाहणी करण्यात आली’ असं एक वाक्य टाकून मोकळे होणार आहात. व्हायवात त्या वाक्यावर कुणी बोट ठेवलं, तर पुढे काय दाखवाल?

फॉर्म बीची पहिली अडचण अशी, की ‘सुस्थितीत आहे’ हे निरीक्षण नाही, निवाडा आहे. निरीक्षण म्हणजे: अमुक तारखेला, सर्वांत वरच्या मजल्यावरचा हायड्रंट उघडला, पंप इतक्या सेकंदांत सुरू झाला, गेजवर इतका दाब दिसला. राष्ट्रीय बांधकाम संहितेत, म्हणजे २०१६च्या एनबीसीत, सर्वांत दूरच्या टोकाला दर चौरस सेंटिमीटरला किमान साडेतीन किलो दाब मिळावा अशी अपेक्षा आहे. कागदावर ‘२.१’ लिहिलेलं असेल, तर मला, तुम्हाला, सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनाही कळेल की काहीतरी बिनसलंय. ‘३.८’ लिहिलेलं असेल, तर ऑगस्टमध्ये दुसरा कुणी तोच हायड्रंट उघडून ते ताडून बघू शकेल. ‘सुस्थितीत’ हा शब्द मात्र कशानेच खोटा पडत नाही. पॉपरने विज्ञानाच्या विधानांना लावलेली कसोटी इथे लावली, तर हा कागद पहिल्याच फेरीत बाद होतो.

दुसरी अडचण छेदाची. ‘अग्निशामक सिलिंडर तपासले’. किती? किती पैकी? इमारतीत चाळीस असतील आणि त्यातले तळमजल्यावरचे बारा बघितले असतील, तर ती पाहणी बारांची झाली. तसं लिहायला हरकत नाही, नमुना तपासणी हीसुद्धा रीतसर पद्धत आहे. पण मग बारा कसे निवडले ते लिहायला हवं. जिन्याजवळचे, हाताला सोपे, असे निवडले असतील तर तो नमुना कोणत्या दिशेला झुकलाय हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल.

न्यायाने सांगायचं तर कायद्याने काही गोष्टी नीट केल्या आहेत. तपासणीची वारंवारता ठरवून दिली. जबाबदार कोण ते नाव घेऊन सांगितलं. नमुन्यात तपशील लिहायलाही बंदी नाही. पण माझ्या पाहण्यातल्या प्रतींमध्ये तो तपशील ‘यंत्रणा: हायड्रंट, अलार्म, सिलिंडर’ याच्या पुढे गेलेला नव्हता, आणि जानेवारीची प्रत व जुलैची प्रत यांत फरक फक्त तारखेचा होता. (तपासणाऱ्याचे पैसे तपासून घेणाराच देतो, हा वेगळाच विषय. त्यावर एक स्वतंत्र प्रबंध होईल. कुणाला विषय हवा असेल तर घ्या.)

हे सगळं कागदी किरकिर वाटत असेल तर उरवडे आठवा. ७ जून २०२१. पिरंगुटजवळच्या उरवडे गावात, म्हणजे मुळशी तालुक्यातच, एसव्हीएस ॲक्वा टेक्नॉलॉजीज या कारखान्याला आग लागली. १७ कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका. आतल्या लोकांपर्यंत पोचायला जेसीबीने भिंती फोडाव्या लागल्या. प्रशासनाने चौकशी समिती नेमली, गुन्हा दाखल झाला. कुणाचा दोष किती हे ठरवणं माझं काम नाही. मला त्यातला पुराव्याचा प्रश्न दिसतो. आगीनंतर सगळे एकच प्रश्न विचारत होते: दरवाजे किती होते, कुठे होते, ते उघडे होते का, कोणता माल कुठे ठेवला होता, त्या खोलीत माणसं किती होती. हे सगळे प्रश्न आग लागायच्या आधी कुठल्याही दुपारी जाऊन, एका नकाशावर आणि दहा फोटोंत उत्तरता येणारे आहेत. आग लागल्यावर मात्र ती इमारत स्वतःबद्दल फार थोडं सांगू शकते. जळालेल्या दाराला कडी आतून होती की बाहेरून, हेसुद्धा वादाचं होऊन बसतं. म्हणजे अशा ठिकाणी आधी केलेली नोंद हाच पुष्कळदा टिकून राहिलेला पुरावा असतो. तीच ‘सर्व ठीक’ असेल तर उरलं काय?

तपासणी झालीच नव्हती, अशा घटना समजायला सोप्या असतात. झाली होती आणि तरीही, अशा घटना संशोधकाने जास्त लक्ष देऊन वाचाव्यात. त्यासाठी मुंबईचं एक उदाहरण घेते. १४ मार्च २०१९ला संध्याकाळी गर्दीच्या वेळी सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला, सात जणांचा जीव गेला. त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट त्याआधी झालेलं होतं. किरकोळ दुरुस्त्या सुचवून पूल वापरायोग्य ठरवलेला होता. दुर्घटनेनंतर महापालिकेच्या प्राथमिक चौकशीने हे ऑडिटच निष्काळजीपणे झाल्याचा ठपका ठेवला आणि प्रकरण पोलिसांकडे गेलं. आता ऑडिट वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. शेकडो पुलांचे अहवाल टेबलावर. प्रत्येकाच्या शेवटी एक शब्द: चांगला, बरा, दुरुस्ती हवी. त्या शब्दामागे कोणता गर्डर कुठून पाहिला, गंज किती खोल होता, कोणत्या भागापर्यंत हात पोचलाच नाही, हे वरच्यावर दिसत नसेल, तर चांगलं ऑडिट आणि वाईट ऑडिट कागदावर हुबेहूब सारखं दिसतं. माझ्या मते ‘सुस्थितीत’छाप नोंदीचा सर्वांत मोठा दोष हाच. प्रामाणिक तपासनीस आणि न जाताच सही करणारा तपासनीस, दोघांचा कागद एकच.

आता जरा बऱ्या नमुन्यांकडे येऊ. मुळशीतल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत ‘यूडायस’ हा शब्द माहीत नाही असे गुरुजी किंवा बाई सापडणार नाहीत. प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक, दरवर्षी एक लांबलचक फॉर्म, त्यात खोल्या किती, त्यातल्या चांगल्या किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती, मोठ्या दुरुस्तीच्या किती, स्वच्छतागृहं किती आणि त्यातली ‘चालू’ किती. यूडायसचं मोठं श्रेय असं, की ‘चालू’ म्हणजे काय हे तिथे सांगितलेलं आहे: पाणी आहे, भांडं फुटलेलं नाही, दुर्गंधी फारशी नाही, निचरा होतो, दार लागतं. व्याख्या आहे आणि छेदही आहे. फॉर्म बीच्या दोन पायऱ्या वर. पण भरतो कोण? शाळाच. आणि व्याख्या कितीही चांगली असली तरी कागदावर अखेर येतो एक आकडा. पाच-सहा अटींपैकी कोणती तपासली, कोणती गृहीत धरली, ते त्या आकड्यात विरघळून जातं.

याच्या शेजारी ‘असर’चा शाळा-निरीक्षण तक्ता ठेवा. प्रथम ही मुंबईत सुरू झालेली संस्था. तिच्या पुढाकाराने २००५पासून ग्रामीण भागात हे सर्वेक्षण होतं. मुलांना वाचता येतं का, वजाबाकी येते का, या आकड्यांमुळे ते गाजतं. मला मात्र त्यातली सर्वांत हुशार गोष्ट मुलींच्या स्वच्छतागृहाच्या रकान्यात दिसते. तिथे पर्याय चार आहेत: मुलींसाठी वेगळी सोय नाही; सोय आहे पण कुलूप आहे; कुलूप नाही पण वापरण्याजोगं नाही; कुलूप नाही आणि वापरण्याजोगं आहे.

‘कुलूप आहे’ हा रकाना नीट बघा. सर्वेक्षक त्या दिवशी शाळेत गेला, दाराला कुलूप होतं, आत काय आहे ते त्याने पाहिलं नाही. साधा ‘हो/नाही’ फॉर्म असता तर त्याने काय केलं असतं? बाईंना विचारलं असतं. बाई म्हणाल्या असत्या, ‘चांगलं आहे हो, किल्ली शिपायाकडे आहे.’ आणि तो ‘हो’ करून पुढे गेला असता. इथे न पाहिलेलं ‘न पाहिलेलं’ म्हणूनच नोंदलं जातं. वर गंमत अशी, की न पाहता येणं हीच माहिती ठरते, कारण जे दार सर्वेक्षकासाठी उघडत नाही ते सहावीतल्या मुलीसाठीही उघडत नसणार. डेटाच्या भाषेत, रिकामी जागा आणि शून्य यांत गल्लत होऊ दिलेली नाही. आपल्यातले किती जण एक्सेलमध्ये रिकाम्या सेलला शून्य समजून सरासरी काढतात, ते आता मोजत बसत नाही.

असरवर टीका करायचीच तर ‘वापरण्याजोगं’ हा शब्द शेवटी सर्वेक्षकाच्या नजरेवर सोडावा लागतो, आणि भेट एका दिवसाची असते. ताम्हिणीच्या बाजूच्या गावात जूनच्या आधी गेलात आणि सप्टेंबरमध्ये गेलात, तर एकाच शाळेच्या दोन शाळा दिसतील. एप्रिलमध्ये पत्रा कधीच गळत नाही. म्हणून इमारतीच्या नोंदीत तारीख ही औपचारिकता समजू नका, ती मापनाची एक अट आहे. छप्पर कोरड्या दिवशी पाहिलं असेल तर ‘गळत नाही’ असं लिहू नये. ‘पाहणीच्या वेळी पाऊस नव्हता, ईशान्य कोपऱ्यात ओलीचा डाग, गिलाव्याला पोपडे’ असं लिहावं. वाचणारा काय ते समजेल.

नजरेवर सोडलेल्या शब्दाचं काय करायचं, याला संशोधनात एक जुना उपाय आहे. दोन जणांनी एकमेकांशी न बोलता तीच गोष्ट बघायची आणि मग जुळतंय का ते पाहायचं. फक्त जुळण्याची टक्केवारी काढून खूश होऊ नका. समजा ५० वर्गखोल्या आहेत. तुम्ही ४७ना ‘ठीक’ म्हणालात, तुमच्या मैत्रिणीने ४६ना. दोघींनी मिळून ‘ठीक’ म्हटलेल्या ४४, दोघींनी ‘ठीक नाही’ म्हटलेली फक्त १. म्हणजे ५० पैकी ४५ ठिकाणी एकमत, चक्क ९० टक्के! पण दोघींनी खोल्या न बघता, नुसत्या त्याच प्रमाणात ‘ठीक’ वाटत सुटल्या असत्या, तरी जवळपास ८७ टक्के जुळलंच असतं (०.९४ × ०.९२ अधिक ०.०६ × ०.०८). योगायोगाचा हा वाटा वजा केला की उरतं ते जेकब कोहेनने १९६०मध्ये मांडलेलं कापा: (०.९० – ०.८७) भागिले (१ – ०.८७), म्हणजे साधारण ०.२३. फारच किरकोळ. आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे: वाईट खोल्या शोधायला आपण गेलो होतो आणि नेमक्या त्याच खोल्यांबद्दल दोघींचं जवळजवळ काहीच जुळलं नाही. जिथे बहुतेक सगळं ठीक असतं तिथे ‘ठीक’वर एकमत होणं स्वस्त असतं. सुरक्षा तपासणीचा सगळा डेटा असाच असतो, म्हणून तिथे ९०-९५ टक्के असे आकडे दिसले की मी जरा सावध होते.

नमुना शोधायला फार लांब जायला नको. आपल्याकडे पंचनामा आहे. हा शब्द आपण हल्ली ‘अमक्याचा पंचनामा केला’ असा फजिती करण्याच्या अर्थाने वापरतो, पण मूळ दस्तऐवज शांतपणे वाचून पाहा. कोण, कुठे, किती वाजता सुरू केला, किती वाजता संपवला. जागेच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय. कोणती वस्तू कुठून किती अंतरावर. समोर हजर असलेले दोन पंच, त्यांच्या सह्या. आणि चांगल्या पंचनाम्यात निष्कर्ष नसतो. ‘शॉर्टसर्किटने आग लागली’ असं पंच म्हणत नाहीत, ‘मीटरपेटी काळी पडलेली व वायरी वितळलेल्या दिसल्या’ असं म्हणतात. निरीक्षण आणि निवाडा वेगळे ठेवायचे हा धडा आपल्या तलाठ्याला आणि हवालदाराला शिकवलेला असतो, आपल्या पद्धतीशास्त्राच्या पेपरात मात्र तो शेवटच्या युनिटमध्ये येतो आणि तोवर परीक्षा जवळ आलेली असते. पंचनाम्याची दुखणीही आहेतच: ठरावीक साच्यातली भाषा, नेहमीचेच पंच, टेबलावर बसून लिहिलेला मजकूर. पण साचा म्हणून तो फॉर्म बीपेक्षा कितीतरी पुढे आहे. कॅगच्या अहवालांत ‘संयुक्त प्रत्यक्ष पाहणी’ असा उल्लेख येतो, तोही याच जातीचा. लेखापरीक्षक आणि त्या खात्याचा माणूस दोघं मिळून जागेवर जातात. निष्कर्षावर पुढे भांडण होऊ शकतं, पण काय दिसलं यावर भांडायला जागा कमी उरते.

फोटोंबद्दल थोडक्यात, कारण ‘पुरावा’ म्हटलं की सगळे आधी मोबाइल काढतात. तडा गेलेल्या भिंतीचा नुसता जवळून काढलेला फोटो कुठल्याही भिंतीचा असू शकतो. आधी शाळेचं नाव किंवा खोलीचा क्रमांक दिसेल असा लांबचा, मग पूर्ण भिंतीचा, मग तड्याचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. फोटो व्हॉट्सॲपवरून मागवू नका. फाइल आकसते आणि कॅमेऱ्याने लिहिलेली वेळ व ठिकाण गळून पडतं. मूळ फाइल जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये ठेवा, त्यावर बाण-वर्तुळं काढायची तर प्रतीवर काढा. फाइलच्या नावात तारीख, शाळेचा यूडायस क्रमांक, खोली आणि अनुक्रमांक असू द्या आणि तोच अनुक्रमांक वहीतल्या नोंदीसमोर लिहा. फोटोंचा ढीग आणि नोंदींची वही यांना जोडणारा दोरा तेवढाच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात डिजिटल नोंदीसोबतच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवण्याची सोय आहे. तुमचा प्रबंध कोर्टात जाणार नाही, पण फाइल बदललेली नाही हे दाखवायचा तो दोन मिनिटांचा मार्ग आहे.

आणि आकडा जिथे घेता येतो तिथे शब्दावर थांबू नका. मुळशीतच याचं ठळक उदाहरण आहे: टेमघर धरण. २०१६मध्ये त्याच्या गळतीची बातमी झाली तेव्हा ‘धरण गळतंय’ एवढंच नव्हे, सेकंदाला सुमारे अडीच हजार लिटर असा आकडा पुढे आला. म्हणूनच पुढे ग्राउटिंगची कामं झाल्यावर गळती नव्वद टक्क्यांच्या आसपास कमी झाली असा दावा करता आला, आणि तो दावा मान्य करायचा की नाही यावर बोलताही आलं. ‘गळती मोठी होती, आता बरी आहे’ यावर कुणी काय बोलणार?

मी सध्या शाळांसाठी जो तक्ता वापरते त्यात प्रत्येक बाबीपुढे चारच पर्याय ठेवले आहेत: पाहिलं, चालू, पाहिलं, बंद, पाहता आलं नाही, लागू नाही. तिसऱ्यापुढे कारणाची एक ओळ सक्तीची: किल्ली नव्हती, वीज नव्हती, वर चढायला शिडी नव्हती, मुख्याध्यापक मीटिंगला पौडला. शेवटी सारांशाचा रकानाच नाही. पहिल्या फेरीनंतर गाइडनी विचारलं, ‘एकूण स्थिती कशी आहे, ते कुठे लिहिलंय?’ मी म्हटलं, सर, ते विश्लेषणाच्या प्रकरणात. त्यांनी तक्ता परत दिला आणि तिसऱ्या पर्यायाची बेरीज शाळावार वेगळी काढायला सांगितली. ती काढल्यावर दिसलं, की सर्वांत जास्त ‘पाहता आलं नाही’ छपराच्या आतल्या बाजूला आणि टाकीच्या झाकणाखाली आहे, म्हणजे अगदी जिथे बघायला हवं तिथे. पुढच्या फेरीला शिडी बरोबर नेणार आहे.

जुलैत तुम्हीही त्या बाजूला फील्डवर्कला जाणार असाल तर वहीला प्लास्टिकची पिशवी आणि लिहायला पेन्सिल घ्या. ताम्हिणीच्या पावसात ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही.